आम्लात न विरघळणारी राख

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत मी पाला जाळते.
शेवग्याचा. दोन ग्रॅम, मोजून, मुशीत.
बाहेर मे, चव्वेचाळीस अंश.
मालक म्हणतात, अर्धी सुकवणी
सोलापूरच फुकटात करून देतं.

हिरवं आधी काळं होतं, मग करडं,
मग जवळजवळ पांढरं:
कॅल्शियम, पोटॅशियम, लोहाची नखभर खूण.
त्यावर आम्ल ओतलं की बहुतेक सगळं विरघळतं.
उरते वाळू.
गाळणकागदावर अडकलेलं कुणाचं तरी शेत.
पाला भुईवर वाळवला की ताडपत्रीवर,
धुतला की नुसता झटकला,
सगळं सांगून टाकते ती.
माणसं फोनवर इतकं सांगत नाहीत.

परवाची खेप मी नापास केली. शिसं.
वळसंगहून बिराजदारांचा फोन, एकदा, पुन्हा एकदा:
‘मॅडम, खत नाही, फवारणी नाही,
झाडं पोरांसारखी वाढवल्यात.’
मी एवढंच विचारलं,
जवळपास कुणी जुन्या बॅटऱ्या वितळवतं का?
बराच वेळ नुसती लाइन खरखरली.
‘भट्टी नंतर आली, मॅडम.
झाडं आधीची.’
अहवालात आधी-नंतरचा रकाना नसतो.

विडी घरकुलात अम्माच्या मांडीवर सूप.
तेंदूचं पान बोटांत धरलं
की ओल किती, ती तिथंच सांगते.
माझ्या ओव्हनला एकशे पाचवर तीन तास लागतात.
हल्ली तिला जिना चढवत नाही.
मी कंपनीची बाटली आणली, साठ कॅप्सूल,
लेबलवर धावणारी कुणी गोरी बाई.
किंमत: अडीच हजार विड्या.
अम्मा हसली.
‘मुनगाकु? पप्पूत घालतो तो?
मागच्या दारी झाड आहे की गं.’
आणि काम तसंच ठेवून उठली,
मूठभर ओरबाडून माझ्या डब्याच्या पिशवीत कोंबला.

जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना,
तो पाला यंत्रात सोडला.
कागदावर डोंगर उमटत गेले.
क्लोरोजेनिक आम्ल, ठरल्या वेळी.
क्वेर्सेटिनची सगळी भावंडं, रांगेत.
कंपनीच्या पुडीपेक्षा उंच, हे लपवून काय करायचं.
पण चौथ्या मिनिटाला
एक बारकं टेकाड,
शेवग्यात ज्याचं काहीच काम नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाला तोडला,
हात साबणाने धुऊन.
चौथं मिनिट सपाट.
मग तिच्या सुपातली चिमूट तंबाखू
भिजवून, गाळून, सोडली यंत्रात.
चौथं मिनिट
कागदाबाहेर गेलं.

चाळीस वर्षं त्या बोटांनी
मला भरवलं आहे.
मला शाळेत घालताना तिने केस विंचरले,
तापात कपाळ चेपलं,
पहिल्या पगाराच्या नोटा मोजल्या थुंकी लावून.
कशाकशात असेल ते टेकाड,
माझ्या रक्तात किती भाग दशलक्षांत,
याचं प्रमाणित द्रावण कुठल्या कपाटात मिळतं?

दोन्ही कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवले.
कंपनीच्या खेपेवर सही केली:
वि. यन्नम, विश्लेषक.

रात्री भाकरी, शेंगाचटणी, पप्पू.
‘काय म्हणालं तुझं मशीन?’
‘लोह आहे,’ म्हटलं. ‘भरपूर.’
‘मग!’ म्हणाली,
आणि हातानेच
आणखी वाढलं.