पाचवं प्लास्टर

सत्तावीस वर्षं झाली मला या खोलीत.
बादलीत पट्टी सोडायची,
बुडबुडे थांबेस्तोवर थांबायचं,
मग पिळायची, पण जीव राखून.
अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
एवढंच शिकलो, आणि एक वाक्य:
"घाबरू नका, आता जरा गरम लागंल."

लागतंच.
भुकटी पाण्याला भेटली की तापते,
दहा मिनिटं. मग दगड.

बैलानं तुडवलेलं मनगट,
मोंढ्यात पोत्याखाली आलेली मांडी,
धारूरच्या घाटात गाडीवरून पडलेला नवरदेव,
हळदीच्या अंगानंच टेबलावर चढला होता,
करवल्यांनी ओल्या तंगडीवर बोटानं नावं कोरली.
सहा आठवड्यांनी मी ती नावं करवतीनं मधोमध कापली.
कापलेली टरफलं पिवळ्या पिशवीत जातात.

तर सोनकांबळ्यांची निकिता आली,
मूर्तिकला शिकते म्हणाली.
"ख्वाजामामा, ती रिकामी प्लास्टरं मला द्या."
म्हणलं, बाई, घाण असते आत,
घाम, केस, मेलेल्या मुंग्या,
एकदा तर खाजवायला घातलेली छत्रीची तार निघाली.
"तेच पाहिजे," म्हणाली.
कायदा काय म्हणतो ते मी कुणाला विचारलं नाही.

कपाटावर चार लहानगी टरफलं होती,
माझ्या कोपरापेक्षा आखूड.
वाकड्या पायांचा वार बुधवार.
दर बुधवारी पाऊल जरासं वळवायचं,
नव्या प्लास्टरात धरून ठेवायचं,
पुढच्या बुधवारी अजून जरासं.
जुनी डॉक्टर ठेवून घेतात,
आईबापाला फरक दिसावा म्हणून.
वर पेन्सिलीनं मीच लिहिलेलं: अयोध्याचं बाळ, एक.
अयोध्याचं बाळ, दोन.
नाव ठेवलं नव्हतं अजून.

पाचव्या बुधवारी चौथं कापलं,
पाय कोमट पाण्यानं धुतला, कापूस घेतला हातात,
तर अयोध्या म्हणाली, "नका घालू, मामा.
रातच्याला ट्रक हाय कारखान्यावर.
तिकडं कोपीवर काढील कोण?"
बाप दारात उभा होता. म्हणाला,
"कोयत्यानं काढतो की मी."
कुणी हसलं नाही, तोसुद्धा.
प्लास्टर वाढत नाही, लेकरू वाढतं.
डॉक्टर खूप बोलले.
मी कापूस परत गुंडाळला.
तिनं उघडं पाऊल पदरात घेतलं आणि गेली.

निकितानं टरफलांना आतून साबणाचं पाणी फिरवलं,
सायकलच्या ट्यूबनं दोन्ही फाका आवळल्या,
वरून पातळ प्लास्टर ओतलं.
माझ्या जन्मात मी आत काय राहतं ते पाहिलं नव्हतं.
मी बाहेरूनच बांधणारा.

पहिलं पाऊल निघालं, तळवा आभाळाकडं.
दुसऱ्याची टाच थोडी उतरलेली.
तिसरं शेजारच्या पायाकडं चोरून बघितल्यासारखं.
अंगावर सगळीकडं कापसाची लव उमटलेली,
म्हणून असलापेक्षा अंमळ जाड,
जणू मोजे घालून निजलेत.
फळीवर तिनं ती ओळीनं मांडली
आणि शेवटाला वीतभर जागा सोडली.
म्हणलं, ही कशाला? तिथं बाटली ठेवता येईल.
"राहू द्या," म्हणाली.

चौथं काढायची घाई केली आम्ही.
ट्यूब सोडली, फाका उकलल्या,
आणि पाऊल माझ्या ओंजळीत आलं,
बोटं मोकळी, जवळजवळ सरळ,
चालायला निघाल्यागत रस्त्याकडं तोंड केलेलं,
आणि गरम.
मला ठाऊक होतं ते का गरम आहे.
सत्तावीस वर्षं मीच सांगतोय लोकांना.
तरी अंगठ्यानं टाच दाबून
जरासं बाहेर वळवून बघितलं,
आणि तोंडातून निघून गेलं,
घाबरू नको, आता जरा...

निकितानं मान वर केली.
बाहेर सिस्टर नंबर पुकारत होती,
सात नंबर, सात नंबर कोण आहे,
आणि बादलीतलं पाणी अजून बदलायचं होतं.