उरठण

मी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं.
दोन सेकंदांना एक पान, त्याहून घाई नाही,
समोरच्याचा सर्व्हर दमू नये
एवढी सभ्यता मी कोडात लिहिली होती.

बाणेरला सातव्या मजल्यावरून सुटलेली ती
रात्री पावणेतीनला कुमुद करड्यांच्या दारात पोचली.
दार म्हणजे एक चिमुकली फाईल.
लोक तिथे यंत्राला कळेल असं लिहितात.
कुमुदताईंनी लिहिलं होतं:
‘शब्द बघायला या. उचलून नेणार असाल तर आधी विचारा.
दुपारी दोन ते चार फोन घेत नाही.’

गोगलगायीला मराठी येत नव्हतं.
मला येत होतं. मी सकाळी वाचलं.
तोवर एक हजार नऊशे बारा शब्द
आमच्याकडे येऊन आंघोळ करून बसले होते.

सगळे तांबट आळीतले.
हातोड्यांची नावं, राखेची नावं,
घंगाळाच्या पोटाला एक आणि काठाला दुसरं.
वडिलांच्या दोन ठोक्यांमध्ये जेवढी शांतता मिळे
तेवढ्यात विचारून घेतलेले,
टेलिफोन खात्यातल्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर,
बावीस वर्षं.

फोन त्यांचाच आला. सव्वाचारला.
“तुमच्या ॲपमध्ये ‘उरठण’ आहे. वाचून दाखवा.”
मी वाचलं:
उरठण, स्त्री. शेवटचा ठोका पडून गेल्यावर
भांड्यात मागे राहिलेला आवाज.
“छान वाचता,” म्हणाल्या.
“हा शब्द नाहीच. मी केलाय.
उंदरासाठी खोबरं लावतात ना, तसा.”

शिवाजीनगरहून वकील आले.
शब्दांना मालक नसतो, म्हणाले,
व्याख्येला असू शकतो, मांडणीलाही,
पण वापर वाजवी असेल तर
आणि त्या ‘तर’वर बराच वेळ थांबून
त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.
“बावीस वर्षांचं काय?” मी विचारलं.
“घामाचं कलम बघावं लागेल.”
बिस्किटाचा अर्धा भाग कपात राहिला.
“गंमत अशी,” ते चमच्याने तळ शोधत म्हणाले,
“खरे शब्द आळीचे.
बाईंचा स्वतःचा असा एकच. तो खोटा.”

शनिवारी मी कसब्यात गेलो. विचारायला.
आधी विचारायचं ते नंतर कसं विचारतात,
याचा सराव दारूवाला पुलापासून करत.
कुमुदताईंनी कॉफी दिली, वही पुढ्यात ठेवली.
‘उरठण’पाशी पेन्सिलीचं एक टिंब होतं,
खोट्याची खूण. त्या कुणाला दाखवत नसत.

खाली एक पोरगा हंडा ठोकत होता.
थांबला. कान लावला.
“मामा, याचा उरठण लांबलाय बघा!”

आम्ही दोघंही खिडकीत.
“कुठे ऐकलास रे हा शब्द?”
“कुठे म्हणजे? असंच म्हणतात ना?”
आणि परत ठोकायला लागला.

माझ्याकडून गेला असेल. त्यांच्याकडून गेला असेल.
कुणी काही बोललं नाही.
“उरठण लांबला म्हणाला,” कुमुदताई पुटपुटल्या,
“मी स्त्रीलिंगी केला होता.”
चष्मा लावून त्यांनी ‘स्त्री.’च्या पुढे
बारीक अक्षरात ‘पु.’ लिहिलं.
टिंब खोडलं नाही.

मी तोंड उघडलं.
घड्याळात दोन वाजले
आणि त्यांनी फोन उपडा ठेवला.