हिव

पारोळ्यात पौषातली सकाळ. हौदातलं पाणी
रात्रभर उघड्यावर निजलेलं.
बंबातलं संपलं म्हणून इंदूनं
तेच ओतलं घमेल्यात, त्यात सोडले
भटूचे पाय.
"हिव वाजस का?"
"नही वं. परकाना पाय शेतस त्या."

तीन वर्षं झाली विजेच्या खांबावरून पडून.
मानेच्या जरा खाली वाट तुटली,
अलीकडे भटू, पलीकडे हे दोघं:
धुवायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे.

मग त्याच्या कपाळावर घाम आला. ऐन थंडीत.
चेहरा लालबुंद.
मांड्यांवर मात्र काटा.
"डोकं ठणकी ऱ्हायनं, इंदू."
दंडाला पट्टा बांधला. यंत्र कण्हलं:
एकशे ब्याऐंशी.
एरवी शंभरी गाठताना धाप लागते त्याला.

धुळ्याच्या सिस्टरनं कागदावर रेघ ओढून सांगितलं होतं:
पाय ओरडतात, हाक तुटल्या जागी अडते,
पण खालच्या खाली नसा घाबरतात,
रक्तवाहिन्या आवळून धरतात
जत्रेत पोरानं मुठीत नाणं धरावं तशा.
मेंदू वरून म्हणतो, सोडा, सोडा.
काळजाला तेवढं ऐकू जातं, ते हळू चालतं.
खाली निरोप पोचत नाही.

इंदूनं घमेलं पायानंच ढकललं.
त्याला ताठ बसवलं. पाय पुसले, गोधडीत घेतले.
एकशे साठ.
एकशे अठ्ठावीस.

भटू गोधडीकडे बघत राहिला.
"इतलं हिव वाजनं का त्यास्ले?"

इंदू बोलली नाही.
त्याच पाण्यातनं निघालेले तिचे हात
तिनं काखेत दाबून धरले होते.