ठराव क्रमांक नऊ

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी
कुलूप निघालं, दार निघेना; लाकूड फुगलं होतं.
सुमंत वायदंडेनं खांदा लावला
तशी कृष्णामाई आतून आमच्या पायांवर आली.
(आम्हीही माईच म्हणतो तिला,
पाळकसाहेब जवळ नसले की.)

बाकं एकमेकांवर चढलेली.
व्यासपीठाच्या पायरीशी एक मेलेला मासा.
प्रभुभोजनाचे पेले मात्र फडताळात
रांगेत, जसे ठेवले तसे,
गाळानं काठोकाठ.

दप्तर माझ्याकडे आलं.
जिल्हा बँकेतून रिटायर, वरच्या मजल्यावर घर,
आणि माझं अक्षर बरं, असं मंडळीत बोललं जातं.
सभेची सात बुकं सुटी केली,
पानं गच्चीत दोरीवर घातली
नातवाच्या दुपट्यांचे चिमटे लावून.

शाई बहुतेक गेली होती.
राहिलं होतं ते टाकाच्या टोकानं कागदात रुतलेलं,
तिरक्या उन्हात धरलं की दिसायचं:
“ठराव क्र. ९. लग्नात हळद लावण्याची चाल
आजपासून बंद. सूचक, हारेट मडम.”

हळद बंद. सांगलीत.
जिथं वखारीशेजारच्या चिमण्यासुद्धा पिवळ्या धुळीत न्हायच्या.
आमचे बाप्ये पोती वाहायचे,
बाया हळकुंडं घासायच्या, पायलीवर मजुरी,
आणि रविवारी साबणानं, राखेनं, चिंचेनं हात धुऊन
गीतांच्या पुस्तकाला बोटं लावायच्या,
तरी पानांचे कोपरे पिवळेच.
मडमला वाटायचं, पुस्तकं जुनी होतायत.

तीन पानं पुढे एक नोंद:
“योना बाळा आवळे. हरिपूरच्या पेवात गुदमरून.
वय अंदाजे तीस.”
एवढंच बुकात.

बाकीचं आमच्या सलोमी आत्यानं सांगितलेलं,
तिला तिच्या आईनं.
पेवात आधी कंदील सोडायचा,
विझला तर माणूस उतरत नाही.
त्या दिवशी मुकादमाला घाई होती,
कंदिलात तेल नव्हतं.
योनाला दोरानं वर घेतलं तेव्हा
तो नवरदेवासारखा पिवळा होता,
पापण्यांसकट.

त्याची बायको शेवंता माहेरी, पोटुशी.
मडम म्हणाली, मी धुते.
बाह्या वर केल्या. तीन घागरी झाल्या.
चौथ्या घागरीला ती काहीतरी पुटपुटायला लागली,
कोणत्या भाषेत, ते आत्याच्या आईला कळलं नाही.
रंग गेला नाही. तसाच पेटीत ठेवला.
पुढच्या रविवारी मडमनं ताट फिरवलं
तेव्हा सगळ्या मंडळीनं तिची बोटं पाहिली
आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

त्यानंतरच्या बुकांत, मी मोजलं, अकरा वर्षं
दर सभेत एकच ओळ:
“ठराव क्र. ९ बाबत विचार पुढील सभेत.”
ठराव रद्द झालेला नाही. अजूनही नाही.
माझ्या लग्नात आत्यानं कानामागं बोट फिरवलं होतं,
म्हणाली, इथं पाळक बघत न्हाई.

काल नवे पाळकसाहेब गच्चीत आले,
पानांचे फोटो काढून ठेवू म्हणाले, कायमचे.
नवव्या ठरावापाशी थांबले.
खाली, सह्यांच्या जागी, अनुमोदकांचे पाच अंगठे.
शाई पाण्यानं नेली होती
आणि प्रत्येक अंगठ्याच्या रेघांत
पिवळं.
वखारीतून थेट सभेला आले असणार,
हात न धुता.

“हे डाग जातील का?” त्यांनी विचारलं.

जातील. उन्हात हळद उडते.
मी चिमटा काढला
आणि ते पान आत नेलं.