भांग

दुसरी घटक चाचणी. प्रश्न तिसरा, अ.
शब्दाचा वाक्यात उपयोग करा: भांग.

पट एकोणीस. सतरा जणांनी फणी काढली,
एकाने जागा कोरी सोडली,
आणि करिष्मा कोचरेकरने लिहिलं,
अष्टमीक भांग आसता. बापूस घराक आसता.

मी फुली मारली.
हात तयार झालेला असतो आमचा,
डोक्याला विचारायच्या आत मारून मोकळा.

दुसऱ्या दिवशी सर्जेकोटचा लिलाव आटपून
तिची आवस आली. हातांना बांगड्याचा वास.
पाचवीच्या बाकात मावेना, म्हणून कडेवर टेकली.
वही उघडली, त्या फुलीवर बोट ठेवलं.
मला वाटलं, भांडणार.
"गुरुजी, तुमच्या गावाक दर्या नाय?"
नाही म्हणालो. जिंतूरच्या पुढं. एक विहीर होती.
"मगे तुमका कसा कळतला,"
असं म्हणून, मला माफ करून
ती पाटी उचलून गेलीसुद्धा.

रात्री शब्दकोश काढला.
आधी केस, मग पाला, मग नशा,
आणि पान संपता संपता, बारीक टाइपात,
अष्टमीच्या सुमाराची मंद भरती.
म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही,
जाळ्याला ओढ लागत नाही.
त्या दिवसांत बापूस घराक आसता,
एवढं मात्र शब्दकोशात नव्हतं.

झोप येईना. आमच्या बाई आठवल्या,
पहिलीतल्या. माझ्या पाटीवरच्या "म्या"ला
त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं, "मी" लिहून दिलं.
संध्याकाळी घरी जाऊन म्हणालो,
मी जेवणार नाही.
माय चुलीपासून वळून बघायला लागली,
कोण पाव्हणा आला म्हणून.

तेव्हापासून मी ऐकायला लागलो. उशिराच.
पाठात खळं आलं, खळ्यावर ज्वारीची रास, बैल.
मी रंगात येऊन मळणी सांगत होतो,
माझीच होती ती, मला वास येत होता कडब्याचा.
मागून प्रश्न आला,
"खळ्यात बैल कित्याक? आणि तुळस खंय?"
चित्रात खरंच तुळस नव्हती.
त्यांच्या दारापुढचं सारवलेलं अंगण
आणि माझ्या रानातलं तुडवलेलं वर्तुळ,
दोन्ही एकाच शब्दात, शेजारी शेजारी
अवघडून बसली तास संपेपर्यंत.

आणि एक गोष्ट, जी मला अजून नीट सांगता येत नाही.
घरी या मुलीला "तां" म्हणतात. चेडू इलां.
शाळेच्या पायरीवर चप्पल काढली
की आम्ही तिला "ती" करतो.
एवढ्याशा पोरीनं सकाळी दहा वाजता
लिंग बदलून आत यायचं,
पाचला परत बदलून घरी.
केंद्रप्रमुख येतात ते मोजतात, मिनिटाला किती शब्द.
करिष्मा बावन्न. बरी आहे म्हणाले.

लाल शाई पुसत नाही.
फुलीच्या खाली मी लिहिलं, मला माहीत नव्हतं.
आणि तिच्यासाठी एक वाक्य, तिच्या बोलीत:
आज भांग आहे, होड्ये किनाऱ्याक आसत.
वही परत आली. "आहे" खोडलेलं,
वर पेन्सिलीनं "आसा",
समासात गोल करून दोनपैकी दीड.

पण वार्षिकचा पेपर ओरोसहून छापून येतो,
त्यात भांग केसांतलाच असणार.
हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं.
अर्धा तास तयारी करून,
तुझं चूक नाही, पण, असं म्हणत.

ती पेन्सिलीला टोक काढत होती.
"म्हायत आसा," म्हणाली,
"आवस रोज पाडता."