अंगठ्याचा उशीर

जाहिराती नकोत म्हणून मी महिन्याला चार युरो जास्तीचे भरत होतो.
मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं:
यापुढे त्याच चार युरोंत थोड्याच जाहिराती.
थोड्याच.
खाटकानं म्हणावं तसं, थोडंच कापतो, हलू नका.

ओंदीना उदिनेहून फोनवर सांगते, बाबा, वरचा प्लॅन घ्या.
वर म्हणजे कुठे, पोरी?
मी राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट जानेवारीपासून बंद,
आणि तिच्या दारावर लिफ्टच्याच कंपनीची जाहिरात.

काल रात्री त्रिएस्तेत बोरा सुटला होता,
सगळ्या गल्लीच्या झडपा थंडीनं दात वाजवत होत्या.
अशा वाऱ्यात मी दरवर्षी एकच सिनेमा बघतो,
दीपगृहाच्या रखवालदाराचा.
गेल्या हिवाळ्यात होता. आता नाही.
त्याच्या जागी, तुम्हाला हेही आवडेल म्हणत,
सहा अनोळखी माणसं केक भाजत होती आणि रडत होती.
त्याआधी एक मोटार डोंगर चढून गेली
(मी गाडी सोडून नऊ वर्षं झाली),
मग कानाच्या यंत्राची जाहिरात.
ती मात्र बरोबर पत्त्यावर आली.
कुणी सांगितलं त्यांना?

तक्रार लिहायला गेलो.
'नमस्कार लिविओ, मी तुमची मदतनीस.'
मी लिहिलं, मला माणूस हवा आहे.
'समजलं. तुम्हाला माणसांविषयीचे चित्रपट दाखवू का?'

उठलो.
पलंगाखालून पेटी ओढली, गुडघा बोलला, त्याला बोलू दिलं.
एका कॅसेटवर निळ्या शाईत नेरीनाचं अक्षर:
रखवालदार. पुसू नकोस.
खाली दोन रेघा.
रेघा माझ्यासाठी. एकदा तिचं एक लग्न मी
फुटबॉलच्या सामन्याखाली गाडलं होतं, सिनेमातलं लग्न,
तरी तीन दिवस घरात बोलणं बंद.

यंत्र खोकलं, मग चालू लागलं.

नेरीना कॉफीच्या गोदामात दाणे निवडायची, आठ तास, उभ्यानं.
रात्री खुर्चीच्या कडेवर बसून जाहिराती निवडायची,
खडे निवडावेत तशा.
रिमोट मांडीवर, अंगठा बटणावर.
जाहिरात लागली की दाब, संपली की सोड.
पण अंगठा दमलेला असायचा.
म्हणून प्रत्येक तुकड्याच्या टोकाला
पाव सेकंद एक पांढरी चादर फडफडते,
एक बाई म्हणते 'ताज',
आणि एकदम समुद्र.

इतकी वर्षं मला त्या चादरीचा राग येत होता.

काल तिसऱ्या भागात रखवालदार जिना चढायला लागला
आणि चादर आली ती गेलीच नाही.
बाईनं वाक्य पूर्ण केलं: 'ताजा वास, आठवडाभर.'
आठवडाभर! मला पहिल्यांदाच कळलं.
मग साबण. मग एक बँक, पुढे बुडालेली.
लिरांमधल्या किमतीची मोटार. पाणी गळणारी कॉफीदाणी,
तिच्याजागी न गळणारी.
पूर्ण चार मिनिटं.

खुर्चीत ती नव्हती.
कुठे गेली होती?
ओंदीनाला तेव्हा रात्री खोकल्याची उबळ यायची, कदाचित ते.
कदाचित मी गोदीवरून उशिरा आलो आणि किल्ली विसरलो होतो,
मी विसरायचो.
कदाचित तिथेच झोप लागली तिला, तोंड उघडं, रिमोट घसरलेला.
विचारायला कुणी नाही, आणि मी जागा होतो का हेही मला आठवत नाही.

पुढे पळवायचं बटण माझ्या हाताखाली होतं.
मी बँक बघितली. मी साबण बघितला.
कॉफीदाणीचं गाणं मला पाठ निघालं.

रखवालदार वर पोचला, दिवा पुसला, धुकं, भोंगा.
पुन्हा जाहिरात लागणार हे मला माहीत होतं,
मी खुर्चीच्या कडेवर सरकलो.

चादर फडफडली. 'ताज'
आणि समुद्र.

आली होती परत.
पाव सेकंद उशिरा.