दीर्घ ई

फाळका बाजार, दुसरा मजला.
खाली गजकवाला तीळ कुटतोय, खुर्चीचे पाय हादरतात,
आणि मी वीरेन कदमचा उजवा हात उशीवर घेते.
कोपराखाली हिरवट निळं : आइ.
पंधराव्या वर्षी, मेळ्यात, दीडशे रुपयांत.
सांगितलं होतं दीर्घ.
गोंदणाऱ्याच्या हाताला ऱ्हस्वाची सवय.

आई कोपऱ्यात, चष्म्यावर आमचा हिरवा चष्मा चढवून.
"चार वर्षं सांगतेय, डोक्यावर रफार नाही दिला."

भरतीत चालत नाही हे,
म्हणून मी पेडल दाबते.

एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा,
त्यातले पाच-सहा पुरतात.
उजेड कातडीला जवळपास विचारतच नाही,
शाईपाशी मात्र थांबतो.
कण तापतो,
आणि शेजाऱ्याला ऊब कळायच्या आत फुटतो.
वर पांढरा पापुद्रा धरतो भाकरीसारखा,
वास मात्र जळक्या केसांचा.
कुठे कुठे कोलॅजेनचा तीनपदरी पीळ उसवतो.
पेशी तो पुन्हा घालतील,
शाळेची घंटा झाल्यावर घातलेल्या वेणीइतपत.

"मग जाते कुठे ही?" वीरेन विचारतो.

खरं सांगू?
ही एका जागी होती, पण एका हाती नव्हती.
एक पेशी कण गिळून बसते.
ती मेली की ते सांडतात,
शेजारची नवी पेशी तेच उचलते, तिथल्या तिथे.
तू रोज पाहिलंस ते अक्षर
कितव्या पेशीने धरलंय, कुणास ठाऊक.
आज त्याचा चुरा केला.
काही लसिकेबरोबर वाहील,
काखेतल्या गाठीपर्यंत जाईल,
आणि तिथेच राहील. गाठ काळी पडते.

"मेडिकलवाल्यांना दिसेल?"
नाही.
"मला?"
तुलाही नाही.

आई चष्मा काढते, दोन्ही चष्मे एकदम निघतात.
"तिथे तरी," म्हणते, "नीट लिहून घे."
वीरेन हसतो, हात हलतो,
मला बर्फाची पिशवी पुन्हा ठेवावी लागते.

फाइलीत 'सोबत कोण' असा रकाना आहे.
मी लिहिते : आई.
रफार देताना पेन उगाच दोनदा फिरतं.

सहा आठवड्यांनी या.
हातावर ऊन नको.